कादंबरीतली प्रीती आणि इतिहासाचा कागद

दिवाळीच्या सुटीत घरोघरी एक प्रश्न हमखास निघतो. फराळाची ताटे उचललेली असतात, दुपार लांबलेली असते, आणि कोणीतरी विचारते, ‘काहो, वाचायला एखादी चांगली कादंबरी सुचवा की!’ या प्रश्नाचे उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही. विचारणाऱ्या सूनबाईंना प्रेमकथा हवी असते, सासरेबुवांना इतिहास हवा असतो आणि शाळकरी मुलांना तलवारींचा खणखणाट हवा असतो. एका पुस्तकात हे सारे मिळावे अशी अपेक्षा असली, की मराठी माणसाच्या ओठांवर ऐतिहासिक कादंबरीचेच नाव येते. ही निवड बहुतेक वेळा चुकत नाही. परंतु सुचवणाराने नुसते नाव सांगून थांबू नये, असे आमचे नम्र मत आहे. ही कादंबरी आपल्याकडे कशी आली, तिच्यातली प्रीती कोठून आली आणि तिच्यातला इतिहास किती खरा, हेही चार शब्दांत सांगावे. कारण या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि त्यांची हकीकत एखाद्या कादंबरीइतकीच मनोरंजक आहे.

‘कादंबरी’ हा शब्दच मुळी एका प्रेमकथेचा. बाणभट्टाच्या संस्कृत गद्यकाव्याच्या नायिकेचे नाव आपण या सबंध वाङ्मयप्रकाराला देऊन टाकले. १८५७ साली बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ निघाले. तीच मराठीतली पहिली कादंबरी म्हणून मानली जाते. तिचा विषय होता हिंदू विधवांची दैन्यावस्था. म्हणजे आमच्या कादंबरीने पहिले पाऊल टाकले ते वास्तवाच्या काट्यांवर. पण वाचकांचे मन तेथे रमले नाही. १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि वाचकवर्ग तिच्यामागे धावला. त्याच दशकात नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’ लिहिली. पाठोपाठ राजपुत्र, राजकन्या, कपटी प्रधान, घनदाट अरण्ये, ताटातूट आणि अखेरीस पुनर्भेट, असा अद्भुताचा एक बाजारच भरला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी गोष्टी मराठीत आणल्या होत्या, त्यांचीही गोडी वाचकांना लागलेली होती.

या अद्भुताची आजचे टीकाकार थट्टा करतात. परंतु रिसबुडांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत जे कारण दिले आहे, ते वाचले म्हणजे हसू मावळते. आपल्या लोकांच्या संसाराची रीत आणि लग्नाच्या चालीच अशा आहेत, की त्यांत रसाळ गोष्ट रचण्याजोगे काही घडतच नाही, म्हणून लेखकाला अद्भुताकडे वळावे लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. केवढी ही कबुली! आणि ती खोटी नव्हती. आठ-दहा वर्षांच्या मुलीचे लग्न लागे. वर कोण हे तिला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. वडीलधाऱ्यांदेखत नवराबायकोने एकमेकांशी दोन शब्द बोलणे हा मर्यादेचा भंग होता. मुलींच्या लग्नाचे वय चौदा आणि मुलांचे अठरा ठरवणारा शारदा कायदा व्हायला १९२९ साल उजाडले. अशा समाजात प्रीतीची गोष्ट लिहायची तर नायक-नायिका भेटणार कोठे? वाड्याच्या माजघरात? तेव्हा लेखकांनी त्यांना कोणत्याही नकाशावर नसलेल्या राज्यात नेऊन सोडले. तेथे राजकन्येला बागेत फिरता येत होते, पत्र लिहिता येत होते, आणि मुख्य म्हणजे आपल्या मनाने वर निवडता येत होता.

या कल्पित राज्यातून मराठी कादंबरीला सह्याद्रीच्या कड्याकपारीत आणले ते रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी. १८६७ मध्ये सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकाशी त्यांचे नाव कायमचे जोडलेले आहे. त्याच मासिकातून त्यांची ‘मोचनगड’ ही कादंबरी क्रमशः आली, आणि १८७१ या सालापासून मराठी ऐतिहासिक कादंबरीची गणना होते. काळ शिवाजी महाराजांचा. गड आपला, माणसे आपली, भाषाही आपल्या मुलखातली. इंग्रजीत वॉल्टर स्कॉटने १८१४ च्या ‘वेव्हर्ली’पासून ही वाट घातली होती. बंगालीत बंकिमचंद्रांची ‘दुर्गेशनंदिनी’ १८६५ मध्ये निघाली होती. पण मराठी वाचकाला इतिहासात शिरताना परक्या वाटाड्याची फारशी गरज नव्हती. बखरी आणि पोवाडे त्याच्या घरातच होते. शिवाय एक मोठी सोय होती. इतिहासात अद्भुत गोष्ट घडली तरी तिला कोणी खोटी म्हणत नसे. दोर लावून कडा चढणे, वेषांतर करून शत्रूच्या गोटात शिरणे, पेटाऱ्यातून निसटणे, हे सारे आमच्या इतिहासातच होते. राजपुत्राचा विलास सरला आणि मावळ्याचा पराक्रम आला. प्रीतीलाही राहायला खरे घर मिळाले.

मात्र त्या घराचे कागदपत्र अजून हाती यायचे होते. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापला गेला होता, पण तो परक्याने लिहिलेला. आपली कागदपत्रे आपणच छापावीत या जिद्दीने विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू केला. १८९७ पासून वासुदेवशास्त्री खरे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढू लागले. १८९८ मध्ये राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड बाहेर पडला. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. एकीकडे माळ्यावरची दप्तरे झटकून वाचणारी ही मंडळी, आणि दुसरीकडे दर आठवड्याला वाचकांना कथेचा पुढचा हप्ता पुरवणारे कादंबरीकार, अशा दोन गाड्या शेजारीशेजारी धावत होत्या. कधी कागद पुढे, तर कधी कल्पना पुढे.

या दुसऱ्या गाडीचे सारथी हरिभाऊ आपटे. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले, ते घरातल्या साऱ्यांनी वाचावे म्हणून. त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘म्हैसूरचा वाघ’ ही मेडोज टेलरच्या टिपू सुलतानावरील इंग्रजी कादंबरीच्या आधारे लिहिलेली होती. पण १८९५ ते १८९७ या काळात ‘उषःकाल’ आली आणि उसनवारी संपली. विजापूरच्या दरबाराशी इमान राखणारा किल्लेदार बाप आणि शिवाजीच्या नव्या स्वप्नाकडे ओढला जाणारा मुलगा, असा हा पेच आहे. इतिहासातली मोठी उलथापालथ हरिभाऊंनी एका घराच्या उंबरठ्यावर आणून ठेवली. म्हणूनच आजही कोणी ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ कोठून करू असे विचारले, तर आम्ही ‘उषःकाल’ हेच नाव सांगतो. भाषा किंचित संथ वाटेल. पहिली पन्नास पाने धीर धरावा, पुढे पुस्तक आपणच वाचकाला धरून ठेवते.

हरिभाऊंची दुसरी सुचवण्याजोगी कादंबरी ‘वज्राघात’. ती १९१३ ते १९१५ या काळातली. १५६५ साली राक्षसतागडीच्या लढाईत विजयनगरचे वैभव धुळीस मिळाले, तो तिचा विषय. रामराजा इतिहासातला आहे. मेहेरजानवरची त्याची प्रीती आणि तिचा त्याने केलेला त्याग हे मात्र कादंबरीकाराचे. तरुणपणी मोडलेले एक वचन पुढे मुलाच्या सूडाचे रूप घेऊन परत येते आणि राज्यावर कोसळते, अशी ही करुण कथा आहे. साम्राज्ये इतक्या एका कारणाने बुडत नाहीत, हे वाचकाला ठाऊक असते. पण पुस्तक मिटल्यावर विजयनगरच्या भग्न अवशेषांत त्याला मेहेरजानच आठवते.

येथेच सावध राहायला हवे. ‘गड आला पण सिंह गेला’ ही १९०३-०४ मधली कादंबरी पाहा. तानाजी मालुसरे, उदेभान आणि कोंढाणा ही नावे खरी. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीचा तो रणसंग्रामही खरा. परंतु उदेभानाच्या तावडीत सापडलेली कमलकुमारी ही हरिभाऊंच्या प्रतिभेची लेक आहे. गडावरच्या लढाईला एका स्त्रीच्या सुटकेची जोड दिली, की वाचकाचा जीव टांगणीला लागतो, हे ते पुरते जाणून होते. तानाजीच्या बलिदानानंतर कोंढाण्याला सिंहगड हे नाव पडले, ही गोष्टही आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण सिंहगड हे नाव १६७० च्या आधीच्या पत्रव्यवहारात आढळते, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. म्हणून तानाजीचा पराक्रम तसूभरही उणा होत नाही. उणे होते ते एवढेच, की गोड गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवण्याची आपली सवय थोडी लाजते.

हरिभाऊंनंतर या क्षेत्रात लोकप्रियतेचा कळस गाठला तो नाथमाधवांनी, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे यांनी. शिकारीच्या वेळी कड्यावरून पडल्यामुळे त्यांचे कमरेखालचे शरीर पांगळे झाले होते. अंथरुणाला खिळलेल्या या माणसाने घोडदौडींनी आणि गडकोटांनी भरलेली ‘स्वराज्या’ची मालिका लिहिली. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’ हे तिच्यातले नाव अनेकांच्या परिचयाचे असेल. शुद्ध अद्भुतरम्य हवे असेल तर त्यांची ‘वीरधवल’ आहेच. मुलांच्या हाती द्यावी आणि जेवायची हाक त्यांना ऐकू येत नाही याची गंमत पाहावी. विठ्ठल वामन हडपांनी ‘कादंबरीमय पेशवाई’ची लांबलचक मालिका उभी केली. चिंतामणराव वैद्यांसारख्या इतिहासपंडितानेही १९१४ मध्ये पानिपतच्या काळावर ‘दुर्दैवी रंगू’ लिहिली. तिचे शीर्षकच बोलके आहे. ते ना सेनापतीचे, ना रणांगणाचे. ते एका साध्या स्त्रीचे नाव आहे.

एवढे सारे झाले तरी रिसबुडांचा प्रश्न शिल्लकच होता. आमच्या संसारात गोष्ट रचण्याजोगे काही नसते, हे त्यांचे गाऱ्हाणे कोणी खोडून काढले होते काय? सामाजिक कादंबरीने त्या दिशेने पुष्कळ वाटचाल केली होती. पण ऐतिहासिक कादंबरीत प्रीती अजून बहुधा लग्नाच्या अलीकडे किंवा पलीकडेच वावरत होती. पळवून नेलेली कन्या, सोडून दिलेली प्रेयसी, संकटातून सोडवलेली वधू. विवाहित जोडप्याचे साधे प्रेम हा पराक्रमाच्या कथेचा गाभा होऊ शकतो, हे निर्विवाद दिसले ते १९६२ मध्ये, रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ने.

माधवराव पेशवे पानिपतच्या आघातानंतर, १७६१ मध्ये, सोळाव्या वर्षी गादीवर आले. चुलते राघोबादादांचा घरचा कलह, निजाम आणि हैदर यांच्याशी झुंज, रिकामा खजिना, आणि अंगात मुरत गेलेला क्षय. १७६३ मध्ये राक्षसभुवनचा विजय मिळवणारा हा तरुण १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारला, तेव्हा त्याचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. या राज्यकर्त्याच्या चरित्रावर इतिहासकारांनी पूर्वीच पुष्कळ लिहिले होते. देसाईंनी त्याच्या शेजारी रमाबाईंना आणून बसवले. त्याच चालीरीतींतला तो विवाह. बालवयात लागलेला, वडीलधाऱ्यांनी ठरवलेला, माणसांनी गजबजलेल्या वाड्यात वाढलेला. रिसबुडांना जेथे सांगण्याजोगे काही दिसले नव्हते, नेमक्या त्याच जागी शंभर वर्षांच्या आत मराठी वाचकाला आपली सर्वांत लाडकी प्रेमकथा सापडली. मोहिमेवरून उशिरा परतलेला नवरा आणि वाट पाहणारी बायको, एवढेच तिचे भांडवल. १९६४ मध्ये ‘स्वामी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण तिचा खरा सन्मान असा, की कित्येक घरांत मुलींची नावे ‘रमा’ ठेवताना डोळ्यांपुढे ही कादंबरी असे.

तरीही ‘स्वामी’ सुचवताना दोन गोष्टी जरूर सांगाव्यात. पहिली ही, की माधवरावांविषयी कागद भरपूर बोलतात, रमाबाईंविषयी मात्र फार थोडे. गोविंद सखाराम सरदेसाईंनी १९३० नंतर पेशवे दप्तरातील निवडी पंचेचाळीस भागांत छापल्या. त्यांत मोहिमा आहेत, कर्जे आहेत, वसुली आहे, तह आहेत. नवराबायकोचे बोलणे कोणता कारकून टिपून ठेवणार? तेव्हा त्या दोघांचे संवाद देसाईंचे आहेत, आणि ते देसाईंचे म्हणूनच वाचावेत. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. रमाबाई सती गेल्या हे सत्य आहे, आणि कादंबरीचा शेवट वाचताना डोळे भरून येतात. पण त्या ज्वाळांना प्रेमाचे माप मानू नये. सतीची चाल १८२९ मध्ये कायद्याने बंद झाली ती अनेक अनाम स्त्रियांच्या किंकाळ्यांमुळे. घरातल्या मुलीच्या हाती हे पुस्तक देताना एवढे तिच्याशी बोलावे. त्याने रसभंग होत नाही, उलट रमाबाईंविषयीची माया वाढते.

‘स्वामी’नंतर या प्रांताला नवे भरते आले. ना. सं. इनामदारांनी तर इतिहासाने ज्यांना बदनाम केले त्यांचे वकीलपत्रच घेतले. १९६३ च्या ‘झेप’मध्ये त्रिंबकजी डेंगळे, १९६६ च्या ‘झुंज’मध्ये यशवंतराव होळकर, १९६९ च्या ‘मंत्रावेगळा’मध्ये दुसरे बाजीराव. ‘पळपुटा’ या एका शब्दात आपण ज्याला निकालात काढले, त्या माणसालाही एक बाजू असते, हे शिकवणारी ही पुस्तके आहेत. १९७२ च्या ‘राऊ’त पहिले बाजीराव आणि मस्तानी आले. १७२९ मधली बुंदेलखंडाची मोहीम, छत्रसालाची मदत, पुण्यात झालेला कुटुंबकलह, २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीरावांचा अंत, आणि त्यापाठोपाठ मस्तानीचाही. त्यांचा मुलगा समशेर बहाद्दर पानिपतच्या युद्धात घायाळ होऊन मरण पावला. इतिहासाजवळ मस्तानीबद्दल एवढा सांगाडाच आहे. रक्तमांस कादंबरीकाराने भरले. २०१५ मध्ये या कथेवर हिंदी चित्रपट निघाला आणि तिच्यावर आणखी एक झळझळीत शालू चढला. आता मस्तानी म्हटले की नव्या पिढीला तो शालूच आधी दिसतो.

कागदाने कल्पनेला वळण लावले असेही उदाहरण आहे. संभाजी महाराजांचे चित्र कितीतरी वर्षे नाटककार आणि कादंबरीकार काळ्या रंगाने रंगवीत होते. वा. सी. बेंद्रे यांनी दीर्घ संशोधन करून १९६० मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले, १९७१ मध्ये कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ आले, आणि त्या चित्राचा रंग पालटला. १९७९ मध्ये शिवाजी सावंतांची ‘छावा’ निघाली ती या पालटलेल्या दृष्टीनंतर. २०२५ मध्ये तिच्यावरचा हिंदी चित्रपट देशभर चालला. चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या किती जणांना बेंद्र्यांचे नाव ठाऊक असेल? ते ठाऊक करून देणे हे सुचवणाराचेच काम आहे.

तेव्हा या सुटीत कोणाला काय सुचवावे? दहा-बारा वर्षांच्या मुलांना ‘वीरधवल’ किंवा गो. नी. दांडेकरांच्या शिवकालीन कादंबऱ्या द्याव्यात. ‘झुंजार माची’ आणि ‘दर्याभवानी’ वाचून मुले गड चढायचा हट्ट धरतील. तो पुरवावा. ज्यांना घराघरातला इतिहास हवा त्यांना ‘उषःकाल’. ज्यांना संसारातली प्रीती हवी त्यांना ‘स्वामी’. वादाची आवड असणाऱ्या वडीलधाऱ्यांना ‘मंत्रावेगळा’, म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर तासभर चर्चा रंगेल. पानिपताचे वेड असेल त्यांनी विश्वास पाटलांची १९८८ मधली ‘पानिपत’ घ्यावी, आणि तिच्याबरोबर त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा त्याच लढाईवरचा ग्रंथही घ्यावा. एक हृदय हलवील, दुसरा डोके ताळ्यावर ठेवील.

आणि सुचवताना प्रत्येक पुस्तकाबरोबर तीन वाक्ये सांगावीत. यातले कोण खरे होऊन गेले, यातले कोण लेखकाने घडवले, आणि हे पुस्तक कोणत्या साली लिहिले गेले. तिसरे वाक्य विसरू नये. कारण ऐतिहासिक कादंबरी ज्या काळाविषयी लिहिली जाते त्याच्याइतकीच ज्या काळात लिहिली जाते त्याचीही साक्ष देते. ‘मंजुघोषे’च्या अद्भुतात त्या वेळच्या तरुणांची घुसमट आहे. ‘उषःकाला’त पारतंत्र्यातल्या माणसाची आशा आहे. ‘स्वामी’त स्वतंत्र झालेल्या आणि चौकोनी कुटुंबात नुकत्याच स्थिरावणाऱ्या नवराबायकोंची स्वप्ने आहेत. माधवराव-रमाबाई अठराव्या शतकातले खरे, पण त्यांचे हितगुज ऐकणारे कान मात्र आपल्या आईवडिलांचे आणि आजीआजोबांचे होते. ज्यांना आपल्या तरुणपणी असे बोलायला मिळाले नाही, त्यांनी ते या पानांतून ऐकून घेतले. घरातल्या एखाद्या थकल्या आजीला ‘स्वामी’ची चार पाने मोठ्याने वाचून दाखवावी. इतिहास किती खरा हे ती विचारणार नाही, पण मध्येच एखाद्या ओळीला तिचा हात थबकेल. तेवढ्यापुरते वाचनही थांबवावे.